जोडवी घातलेला संकासुर

मी, श्रीमती मथुरा आत्माराम घवाळी, वय वर्षे बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार खालची वाडी, मौजे सडेकोंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, आज शनिवार दिनांक २२ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळची पेज पिऊन, पडवीत बसून, कुणाच्याही धाकात अगर भिडेत नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. यानंतर केला तर तो खरा धरावा. पण करीन असं वाटत नाही, कारण एकदा बेतून कापलेलं कापड मी पुन्हा कापत नाही.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असतं असं वकीलसाहेब म्हणाले. माझ्यात ते जरा ठासून लिहावं लागतं. माझा पुतण्या चि. संदेश दादू घवाळी हा आमच्या वाडीच्या नमन-खेळे मंडळाचा अध्यक्ष आहे. तो गेल्या शिमग्यात चार माणसांत म्हणाला, "काकी बहात्तरीला आली नि उडनारी मानसं बगायला यष्टीनं रत्नागिरीस जाते. तिचं काय मनावर घेता?" तर होय, जाते. महिन्यातून दोनदा जाते. पुढच्या रांगेत बसते, कारण तिथे पाय लांब करता येतात. ज्यात माणसं उडतात, भिंतीतून आरपार जातात, झाडांशी बोलतात असे सगळे सिनेमे मी बघते आणि ज्यात नुसती कुटुंबं भांडतात ते बघत नाही. ते घरी बसल्या बघायला मिळतं.

डॉ. तेजस्वी नागवेकर यांनी मला तपासून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? मी म्हटलं, शनिवार, आणि काल नवा सिनेमा लागलाय. त्यातल्या नायकाची डावी बाही उलटी जोडली आहे, ते पोस्टरवरूनच दिसतं. डॉक्टरांनी लगेच सही केली.

कलम एक. राहतं घर, पडवी आणि मागची नारळाची सहा झाडं मी माझी मुलगी सौ. नम्रता हिला देते. घर, त्यापुढचं खळं आणि खळ्यालगतचा गवत-सामान ठेवायचा मांगर ही सगळी मिळकत माझी स्वकष्टाची आहे. माझे यजमान कै. आत्माराम मुंबईला छापखान्यात होते. ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे, एरवी घरात मी, सासूबाई, दीर आणि शिवणयंत्र. त्या यंत्रावर मी ब्लाउज शिवले, शाळेचे गणवेश शिवले, मंडळाच्या खेळ्यांचे सगळे पोशाख शिवले आणि त्यातून हे घेतलं. नम्रता चिपळूणला शिक्षिका आहे, तिला सुईत दोरा ओवता येत नाही आणि तिने तो शिकावा असा माझा आग्रह आता संपला आहे. माळ्यावरच्या पितळी हंड्याला मात्र तिने हात लावू नये. त्यात विंचू निघतो, दर दिवाळीला.

कलम दोन. शिवणयंत्र आणि मोठी कात्री शेजारच्या काशीला. काशी माझ्याबरोबर सिनेमाला येते आणि मध्यंतराआधी झोपते, तरी परतीच्या गाडीत माझं सगळं म्हणणं ऐकून घेते, हे कमी नाही. कात्रीने कागद कापू नये. कापलेला कळला तर मी सोडणार नाही, मेले असले तरी.

कलम तीन. माझी मापांची वही. पुढच्या अर्ध्या भागात वाडीतल्या बायकांची मापं आहेत, ती पानं न वाचता जाळावीत. मागच्या अर्ध्या भागात १९८६ पासून मी पाहिलेल्या अद्भुत सिनेमांची टिपणं आहेत, तो भाग चि. शुभंकर याला द्यावा. शुभंकर रत्नागिरीत चित्रपट मंडळ चालवतो. ज्यांत माणसं बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसतात असे परदेशी सिनेमे तो दाखवतो. मुलगा भला आहे. त्याने एकदा त्याचा प्रोजेक्टर आणून, मी चार चादरी जोडून शिवलेल्या पडद्यावर आमच्या खळ्यात सिनेमा दाखवला होता. पण त्याच दिवशी तो मला म्हणाला, "आजी, तुम्हाला आवडतात ते सिनेमे म्हणजे पलायनवाद आहे." शब्द मला नवा होता. अर्थ विचारला, त्याने सांगितला. मी म्हटलं, "बाळा, एवढ्या वर्षांत मला पळायला एकदाही वाव मिळाला नाही. दोन तास मिळाले तर तुझं काय जातं?" तो हसला आणि वाद संपला असं त्याला वाटलं. संपलेला नाही, तो इथे पुढे चालू आहे.

उडणाऱ्या माणसाच्या पाठीवरचा लांब झगा शिंप्याच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा आहे. ज्याला वाऱ्यात राहायचंय त्याने कापड अंगाशी घ्यावं. खारव्याला विचारा, तो होडीत सोगा सोडून बसतो का? पण झगा फडफडला नाही तर माणूस उडतोय हे पोरांना कळणार कसं? म्हणून झग्याला मी माफी देते. माफी नाही ती काखेला. हात वर करून उडायचं असेल तर काखेत कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घालावी लागते, नाहीतर पहिल्याच उड्डाणाला बाही उसवते. एवढी मोठमोठी माणसं शहरंच्या शहरं पाडतात आणि त्यांच्या शिंप्याला कळी ठाऊक नाही! पाडलेलं शहर झाडून कोण काढतं, हेही कुणी दाखवत नाही. आणि त्या सिनेमांतल्या शूर बायकांचे पोशाख! त्या पोशाखात ती बाई जगाला वाचवील, पण उकिडवी बसू शकणार नाही. ज्याने तो बेतला त्याने चुलीपुढे बसलेली बाई जन्मात पाहिलेली नाही.

जग वाचवणारे मला तसेही फारसे पटत नाहीत. आमच्याकडे गावाची राखण करणारा देव, राखणदार असतो, तो एका शिवेपुरता. शिवेपलीकडे त्याचं लक्ष नसतं, पण शिवेच्या आत पान हललं तरी त्याला ठाऊक असतं. एका सिनेमात दीपगृह सांभाळणारा म्हातारा होता, त्याला माशांच्या मनातलं ऐकू यायचं. सगळ्या समुद्रातल्या नव्हे, त्याच्या खडकाभोवतीच्या. त्याने सबंध सिनेमाभर धडपडून वाचवलं काय, तर एक होडी. तिच्यात तीन माणसं. मी रडले. काशी जागी होऊन विचारू लागली, "कोण मेला गो?" म्हटलं, कोणी मेलं नाही म्हणूनच रडतेय.

मला तऱ्हेवाईक सिनेमे जास्त आवडतात. शिंकला की पाऊस पडतो असा एक नायक होता. लाज वाटली की अंगात बळ येतं असा एक भित्रा कारकून होता, त्याला बिचाऱ्याला जग वाचवण्यासाठी आधी भर बाजारात फजिती करून घ्यावी लागायची. छत्री उघडून वेळ थांबवणारी एक आजीबाई होती आणि तिला त्या थांबलेल्या वेळेत फक्त झोप काढायची होती. लोक म्हणतात, असं कुठे असतं? कुठेच नसतं. सिनेमावाले पहिल्या मिनिटालाच सांगतात की बाबांनो, हे खोटं आहे. खरेपणाचा आव आणून सांगितलेलं खोटं मी घरात पाहिलंय, मंडळात पाहिलंय आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेलंही पाहिलंय. मला उघड खोटं बरं वाटतं.

शेवटचा मुद्दा, ज्यावर शुभंकर सगळ्यात जास्त हसतो. डोळ्यांवर चार बोटं रुंदीची पट्टी बांधली की नायकाला शेजारी, मालक, सख्खी बायकोसुद्धा ओळखत नाही. सगळे म्हणतात, हे काही पटत नाही. मी म्हणते, सबंध सिनेमात तेवढीच एक गोष्ट खरी असते. का, ते कलम पाचमध्ये येईल. वही हातात पडल्यावर शुभंकरने असे तीन सिनेमे पुढच्या रांगेत बसून, फोन बंद ठेवून बघावेत, ही अट.

कलम चार. माझ्या देहाबद्दल. काकीला लाल झगा घालून न्यायचं, अशी थट्टा वाडीत चालते ती मला माहीत आहे. झगा घालू नये. चांगलं कापड जाळायचं नसतं. साधं सुती लुगडं पुरे. मेलेला नायक दुसऱ्या भागात परत येतो, ही या सिनेमांची मला सर्वांत नावडती खोड आहे. आपण रडलेलं फुकट जातं. मी गेले की गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर म्हातारीची काय इच्छा राहिली म्हणून घाटावर डोकी खाजवत उभे राहू नये. इच्छा कलम सहामध्ये आहे. ती कावळ्यासमोर मोठ्याने वाचावी, म्हणजे माणसांनाही ऐकू जाईल.

कलम पाच. शिवणयंत्राच्या खणात एक जुनं पत्र आहे, ते नम्रताला द्यावं. तिच्या बाबांनी ते मला मुंबईहून १९८६ च्या एप्रिलात लिहिलं. ते कशाबद्दल आहे हे कुणालाच माहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

शिमग्यात आमच्याकडे खेळे, म्हणजे नाचणारी मंडळी, घरोघर जातात आणि त्यांच्या पुढे संकासुर असतो. पायघोळ काळा झगा, तोंड सबंध झाकणारी उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो बोलत नाही, नुसता नाचतो. लोक त्याच्या पाया पडतात, त्याला नवस बोलतात. हे सोंग घेण्याचा मान आमच्या खालच्या वाडीचा आणि वाडीत आमच्या घराचा. माझे दीर दादू भावोजी ते घ्यायचे. ठरल्या दिवशी दुपारच्या आत सोंग देवळापुढच्या सहाणेवर पालखीसमोर नाचलं नाही, तर मान वरच्या वाडीला जातो, अशी रीत आहे.

त्या वर्षी यजमानांना रजा मिळाली नव्हती. सकाळी नऊच्या सुमाराला मी झग्याची उसवलेली शिवण घालून तो मांगरात द्यायला गेले, तर दादू भावोजी गवतावर आडवे. आदल्या दिवशी वरच्या वाडीत जाऊन आले होते आणि तिथल्या लोकांनी त्यांना पाजण्यात हात आखडता घेतला नव्हता. मी हलवलं, तोंडावर पाणी मारलं. कूस बदलली, बस. बाहेर खळ्यात मृदंगावर थाप पडली. बाप्ये ओरडू लागले, "ए दाद्या, आटप की! सोंग चढव!"

मी आतून कडी घातली आणि सोंग चढवलं.

का, याचं उत्तर मला अजून एका वाक्यात देता येत नाही. मान जाईल ही भीती होतीच. पण खरं लिहायचं तर, नऊ वर्षं दुसऱ्यासाठी शिवत आलेला तो झगा मला एकदा माझ्या अंगावर बघायचा होता. भावोजी ताडमाड, मी त्यांच्या खांद्याला. झगा जमिनीवर लोळायला लागला. काढून शिवायला वेळ नव्हता, म्हणून अंगावरच चार बोटं दुमडून टीप घातली. जित्या माणसाच्या अंगावर कापड शिवू नये, शिवलंच तर तोंडात दोरा धरावा, असं आमच्यात आहे. मी तोंडात काळा दोरा धरला आणि दिवसभर तो तसाच राहिला. टोपी मोठी होत होती, तिच्यात कापूस कोंबला. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र आत सारलं. पायातली जोडवी राहिली. सवाष्ण बाई जोडवी काढत नाही, तिला तो पायाचाच भाग वाटतो. मला ती आठवलीही नाहीत.

खळ्यात उतरले आणि नाचले. नऊ वर्षं दाराआडून बघितलेलं सगळं पायांना पाठ होतं हे पायांनीच मला सांगितलं. चौदा घरं फिरले, सहाणेवर पालखीपुढे नाचले. मृदंगवाला आमचा शेजारी, रोज माझ्या हातचा चहा पिणारा. त्याने ओळखलं नाही. ज्यांच्या बायकांचे ब्लाउज मी शिवते त्यांनी ओळखलं नाही. रात्रीत संकासुर वीतभर बुटका झाला होता, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि एकाच्याही मनात आलं नाही की आत दुसरं कोणी असेल. उलट म्हणत होते, "आज दादूच्या अंगात काय संचारलाय बग!" माणसं कपडा बघतात. आत कोण आहे हे त्यांना कपडाच सांगतो. डोळ्यांवरच्या पट्टीला हसणाऱ्यांनी एकदा आमच्या वाडीत येऊन बघावं.

आमच्या घरी आले तेव्हा सासूबाई, कै. गंगुबाई, ताट घेऊन पुढे आल्या. मला एकच मुलगी, नम्रता, आणि मुलगा नाही म्हणून सासूबाईंनी माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. त्यांनी पदर पसरला आणि संकासुराला, म्हणजे मला, म्हणाल्या, "बा म्हाराजा, माज्या सुनंला मुलगा दे." मग पायावर डोकं ठेवायला वाकल्या. वाकल्या त्या काही वेळ वर आल्याच नाहीत. उठल्या तेव्हा माझ्याकडे न बघता ताटातलं कुंकू माझ्या पायाला लावलं आणि हळूच म्हणाल्या, "मुलगा ऱ्हाऊ दे. सुनंला सुखात ठेव."

त्या दिवशी काम उरकल्यावर त्यांनी माझ्यापुढे गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवलं. "पाय शेक गो. लय नाचलीस," म्हणाल्या. आम्ही दोघी पुढे अकरा वर्षं एका घरात राहिलो आणि त्या विषयावर पुन्हा अक्षर बोललो नाही. पण बोलणं कधी तुटलं नाही.

दादू भावोजी दुपारी उठले. मी सोंग मांगरात खुंटीला अडकवून घरात गेले होते. ते टोपी हातात घेऊन बाहेर आले आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. सहाणेवर एका फोटोवाल्याने फोटो काढला होता, तो मंडळाने मोठा करून कार्यालयात लावला. खाली पाटी आहे, "श्री. दादू घवाळी, शिमगोत्सव १९८६." आमच्या वाडीत आजवर झालेला सर्वांत चांगला खेळ तो, असं मंडळ म्हणतं. दोन वर्षांपूर्वी त्याच खेळासाठी भावोजींना शाल-श्रीफळ दिलं. ती शालही मीच घडी घालून तबकात ठेवली होती. त्या फोटोत संकासुराच्या दोन्ही पायांच्या बोटांत जोडवी स्वच्छ दिसतात. एकोणचाळीस वर्षं सबंध वाडी त्या फोटोला उदबत्ती ओवाळते आणि कुणाला जोडवी दिसलेली नाहीत.

मी यजमानांना लिहून कळवलं. त्यांचं उत्तर हे ते पत्र. "मथुरे, वाचून दोनदा हसलो आणि एकदा घाबरलो. पुढच्या खेपेला मी खळ्यात हवा." पुढची खेप आली नाही, मी पुन्हा सोंग चढवलं नाही. मे महिन्यात मुंबईला गेले तेव्हा ते मला एका सिनेमाला घेऊन गेले. त्यात तोंड झाकलेला एक माणूस संकटात धावून यायचा आणि त्याचं श्रेय गावचा फौजदार लाटायचा. अंधारात यजमान माझ्या कानाशी म्हणाले, "हा तुझ्यापेक्षा उंच आहे, एवढंच." तेव्हापासून मी असला एकही सिनेमा सोडलेला नाही. आता पलायनवाद कुणी कुणाला शिकवावा ते शुभंकरने ठरवावं.

कलम सहा. घरापुढचं खळं आणि मांगर. मंडळाची तालीम चाळीस वर्षं याच खळ्यात होते आणि मृदंग, पोशाख याच मांगरात असतात. दुसरी सपाट जागा वाडीत नाही, सगळा कातळ.

गेल्या शिमग्यात माझी नात कु. सानिका, नम्रताची मुलगी, वय एकोणीस, रत्नागिरीला कॉलेजात शिकते, तिने मंडळाच्या बैठकीत उभं राहून विचारलं की दादूआजोबांचे गुडघे दुखतात, तर सोंग मी घेऊ का? संदेश म्हणाला, "बायमानसानं सोंगाला हात लावायचा नसतो. देव कोपतो." अठ्ठेचाळीस वर्षं त्या सोंगाला टाका-टाका हात लावणारी बाई तिथेच बसली होती. सानिकाने माझ्याकडे पाहिलं. भावोजींनी जमिनीकडे पाहिलं. आणि मी गप्प बसले. मुखवट्यामागची माणसं मी शेकड्याने पाहिली, शेवटी कोणी आणि कसा मुखवटा काढावा यावर वहीभर लिहिलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा माझ्या तोंडात तो काळा दोरा तसाच. पोर रडत चिपळूणला गेली. मला याची लाज वाटते. त्या कारकुनासारखं लाजेतूनच मला हे लिहायचं बळ आलं आहे.

देव कोपल्याचं म्हणाल, तर मी नाचले त्या वर्षी भात सोळा आणे पिकलं.

म्हणून खळं आणि मांगर मी नमन-खेळे मंडळाला कायमचं देते, पण या अटींवर. माझ्यानंतरच्या पहिल्या शिमग्यात संकासुराचं सोंग सानिका घेईल. माझं सुतक अगर वर्ष पाळायचं म्हणून तिला बसवू नये. खेळ सुरू होण्याआधी तिचं नाव लाउडस्पीकरवरून घ्यावं आणि खेळ संपल्यावर तिने सहाणेवर, पालखीसमोर, टोपी काढावी. जोडवी घालायची की नाही हे तिचं ती बघेल. आणि फोटोखालची पाटी बदलून त्या जागी माझं नाव लिहावं. काळा झगा मी सानिकाला स्वतंत्रपणे देत आहे, तो मंडळाचा नाही. त्याचं कापड मी आणलेलं आहे. आतल्या बाजूला चार बोटं वर जुन्या टिपेची भोकं अजून आहेत, ज्याला पुरावा हवा त्याने उजेडात धरून बघावीत.

यातली एकही अट मोडली तर खळं नम्रताचं. मग तिने तिथे माझा चार चादरींचा पडदा लावावा आणि शुभंकरने शिमग्याचे सगळे दिवस, खेळ्यांच्याच वेळेला, मोठ्या आवाजात उडणाऱ्या माणसांचे सिनेमे दाखवावेत. वाडी कुठे बसते ते संदेशने मोजावं.

कलम सात. दादू भावोजींना मी काहीही देत नाही. हे रागाने नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे कज्जे होतात, असं वकीलसाहेब म्हणाले. मला ते साक्षीदार म्हणून हवे आहेत. काल त्यांना पडवीत बोलावलं.

"भावोजी, उद्या सहीला या."

"कसली वो वयनी?"

"माज्या मृत्युपत्राची. आदी वाचायचं, मंग सही."

"साक्षीदाराला वाचायला लागत नाय. नुसती सही लागते."

"दुसऱ्यांस नाय लागत. तुमाला लागतं."

त्यांनी पानाचा डबा उघडला, काही न घेता बंद केला. "शिमग्याचं हाय काय त्यात?" विचारलं. मी म्हटलं, हाय. ते डबा उचलून उठले आणि "येतंय" म्हणून गेले.

ते आले नाहीत, किंवा वाचून सही न करता उठले, तर वकीलसाहेबांच्या कारकुनाची सही घ्यावी, पण भावोजींच्या नावापुढची जागा तशीच रिकामी ठेवावी. ती रिकामी जागाही साक्षच आहे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल अढी होती, ती इथे संपली. पाटीबद्दलची संपलेली नाही.

मृत्युपत्र इथे पुरं झालं. सात कलमं मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली, एकही शब्द उसवायचा नाही. तोंडात दोरा नाही.

स्थळ: खालची वाडी, सडेकोंड, जि. रत्नागिरी
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५
सही: मथुरा आत्माराम घवाळी

साक्षीदार पहिला: डॉ. तेजस्वी सागर नागवेकर. मथुराबाईंनी माझ्यासमक्ष सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, माझ्यापेक्षा जास्त.

साक्षीदार दुसरा: दादू गणू घवाळी, वय ६९, धंदा शेती. वयनींनी माझ्यासमोर सही केली.

खाली लिहितो ते माझ्या अक्षरात आहे. सगळं वाचलं. कलम पाच दोनदा वाचलं. त्या दिवशी घुंगरांच्या आवाजानं मला जाग आली होती. वयनींच्या बांगड्या मांगरातच काढलेल्या दिसल्या, मग कुडाच्या फटीतून मी वयनींना खळ्यात नाचताना बघितलं. बाहेर यायला तोंड नव्हतं. फोटोतली जोडवी मला पहिल्याच दिवशी दिसली. कार्यालयात मी कायम त्या फोटोकडे पाठ करून बसतो, संदेशला वाटतं वाऱ्याला बसतो. पाटी मी आज जाऊन माझ्या हातानं उतरवतो. वयनी, मरणाची वाट कशाला बघायची? फाकपंचमीला शिमगा लागतो, त्याला तीन महिने आहेत. संदेशशी मी बोलतो, तुम्ही पोरीला धाडा. माझी चाल तिला शिकवणार नाही, मला स्वतःची चालच राहिली नाही. त्या शिमग्यापासून दर वर्षी मी तुमचीच नाचत आलोय. तीच शिकवतो. टोपीत कापूस घालायला लागेल, तेवढा तुम्ही बघा.

सही: दादू गणू घवाळी